शेगडीचा पहारा

मेकॅनिकबाई : ही स्वयंपाकघरापुढची दोरी ओलांडून येऊ की खालून वाकून?

आजोबा : कुठूनच नाही. आधी वहीत नाव, येण्याची वेळ आणि कारण.

मेकॅनिकबाई : कारण तुमची शेगडी बंद पडलीय, आजोबा. तुम्हीच फोन केलात ना?

आजी : फोन मी केला. ह्यांनी केला असता तर तुला आधी अर्ज करावा लागला असता. ये गं, दोरी उचल आणि ये. एकतीस वर्षं वस्तुसंग्रहालयात पहारा केला ह्यांनी. निवृत्त झाले आणि पहारा घरी घेऊन आले.

आजोबा : दोरी मला निरोपसमारंभात मिळालेली आहे. रीतसर.

मेकॅनिकबाई : आणि ही पाटी? ‘वस्तूस हात लावू नये’?

आजी : रोज वाचते मी. वाचते आणि हात लावते. स्वयंपाक काय डोळ्यांनी करू?

मेकॅनिकबाई : बरं, शेगडीला होतं काय नेमकं?

आजी : पहिला महिना गुणी बाळासारखी वागली. आता दहा मिनिटं लालबुंद होते आणि मध्येच मान टाकते. काल बटाटे अर्धे कच्चे खाल्ले. ही वर्षातली तिसरी इन्फ्रारेड शेगडी, बाई! लेक म्हणाली, हीसुद्धा गेली तर संध्याकाळी गाडी घेऊन येते, बॅगा भरून ठेवा. तिच्या स्वयंपाकघरात मला पाऊल टाकू देत नाहीत. आराम कर म्हणतात. मी आराम करायला लागले की संपलेच.

आजोबा : तिच्याकडे पहारा द्यायलाही काही नाही. सगळं कपाटात असतं.

मेकॅनिकबाई : थांबा, उघडून बघते.

(ती शेगडी उलटी करून स्क्रू काढते.)

मेकॅनिकबाई : अगं बाई! पंख्यात हे लाल लाल काय गुंडाळलंय?

आजोबा : मखमलीचे धागे असावेत. वस्तूवरचं आवरण मखमलीचं आहे.

मेकॅनिकबाई : आवरण घालता कधी?

आजोबा : दालन बंद झाल्याक्षणी. भाजी उतरली की मेन स्विच बंद, वस्तू झाकली, कुलूप. अर्ध्या मिनिटात. संग्रहालयात मला यासाठी शाबासकी मिळालेली आहे.

आजी : कुलूप कशाला लावतात विचार. स्वयंपाकघराला दारच नाही.

मेकॅनिकबाई : आजोबा, शेगडी तिच्यावरच्या बटणाने बंद केली की आच जाते, पण पंखा चालू राहतो. आतली धग बाहेर फेकायला. तुम्ही मेन स्विच पाडता, म्हणजे पंखाही बंद. वरून मखमल. तापलेल्या जिवाचं नाक दाबून वर गोधडी टाकता तुम्ही! आणि भिंतीला एवढी चिकटवून का ठेवली होती? मागून हवा जाऊ दे की, वीतभर.

आजोबा : चोर नेहमी मागून येतात.

आजी : ऐक! शेगडीला मागून चोर!

मेकॅनिकबाई : आणि आजी, काचेवर हे पांढरे डाग कसले?

आजी : ते… दूध उतू गेलं की मी वरून गार पाण्याचा फडका मारते. चर्रर्र वाजतं. बरं वाटतं.

मेकॅनिकबाई : एक दिवस काच तडकेल, तेव्हा बरं नाही वाटायचं. गार झाल्यावर पुसा. आणि भांडं उचलून ठेवा, ओढू नका. चरे पडलेत.

आजोबा : हे वहीत लिहाल का? तारखेसह. हिच्या नावापुढे.

आजी : लिहा! आणि ह्यांच्या नावापुढे दोन शेगड्यांचा जीव घेतला, असं लिहा.

आजोबा : मी जीव घेतला नाही. एकतीस वर्षांत माझ्या दालनात कशालाही कुणी बोट लावलं नाही. आणि घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात हिने हात भाजून घेतला. लाल रंग गेला की हिला वाटतं शेगडी निवली. आख्खा तळवा टेकवला. पंधरा दिवस मी हिची वेणी घातली. वाईट घातली.

आजी : फार वाईट.

आजोबा : म्हणून झाकतो. दिसली नाही तर हात जाणार नाही.

मेकॅनिकबाई : …झाकू नका, आजोबा. उभे राहा.

आजोबा : म्हणजे?

मेकॅनिकबाई : पंखा साफ झाला, शेगडी चालेल. पण आच बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत, हा बारीक दिवा विझेपर्यंत, इथे कुणीतरी उभं राहायला हवं. मेन स्विच त्यानंतर. दहा-बारा मिनिटं. दिवसातून तीनदा. जमेल?

आजोबा : गणवेश लागेल?

आजी : आहे कपाटात. इस्त्रीचा आहे. मला ठाऊक नाही होय? बघ, लागली शेगडी! थांब, बटाटे टाकते पुन्हा. लेकीला कळवते, बॅगा न्यायला नको, जेवायला ये.

मेकॅनिकबाई : निघते मी. हो, हो, जाण्याची वेळ लिहिली वहीत.

आजी : गेली बिचारी. झाले बघा बटाटे. केली बंद.

आजोबा : मागे हो.

आजी : मागेच आहे.

आजोबा : हात.

आजी : पाठीशी घेतलेत. पंखा फिरतोय अजून, ऐकू येतोय मला.

आजोबा : …थांबला. दिवाही विझला. आता पुसलीस तरी चालेल.

आजी : आज आधी तुम्ही हात लावा.

आजोबा : मी एकतीस वर्षांत कशाला हात लावलेला नाही.

आजी : माहीत आहे मला. लावा.

आजोबा : …कोमट आहे गं.