बाकाखालच्या सात खुंट्या

दि. १२ मार्च २००४, वेळ सायंकाळी ६.४० वा.
नाव : जन्नतबी मकसूद शेख. वय : ५१ वर्षे. धंदा : लाकडी बाक-टेबलांचा कारखाना. रा. कव्हा नाका, लातूर.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, वरच्या पत्त्यावर मी माझे पती मकसूद यांच्यासह राहते. घरामागेच आमचा कारखाना असून अकरा कारागीर कामाला आहेत. हवालदार ज्ञानोबा माझं बोलणं शुद्ध करून लिहीत होते, ते मी थांबवलं. बोलणार मी, तर शब्दबी माझेच पाहिजेत.

सरकारी अभ्यासिकेच्या कार्यालयाचे अधीक्षक चन्नबसप्पा साहेबांनी तक्रार दिली की, आज त्यांच्या कार्यालयात मी सरकारी कामात अडथळा आणला. कामात न्हाई आणला. बाक टेम्पोत भरण्यात आणला. तेवढा फरक लिहून घ्या.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीकडच्या गावांत पडलेल्या माळवदांच्या मातीच्या छतांची सागवानी नाटं, म्हणजे तुळया, ढिगानं पडून होती. लोकं ती परत घरात घ्यायला भ्यायची. आमचे मालक म्हणायचे, लाकडानं कुणाला मारलं न्हाई, वरच्या मातीनं मारलं. त्यांनी ती नाटं विकत आणली आणि आम्ही बाक करायला लागलो. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, पोरं गावागावातून आली, आणि बसायला बाक पुरेनात. आमचा एक बाक आजवर मोडून आलेला न्हाई. गेल्या वर्षी मालकांना लकवा झाला. तेव्हापासून कारखाना मी बघते. त्यांच्याबद्दल इथं जास्त लिहायचं कारण न्हाई.

जुन्या नाटाला खिळ्यांची भोकं असतात. त्यात मी स्वतःच्या हातानं बाभळीच्या खुंट्या ठोकते. आम्ही दुरुस्ती फुकट करून देतो, म्हणून लई लोकं दुसऱ्याचा बाक आणून आमच्या माथी मारायची. तेव्हापासून आमची रीत हाय, कुठल्या बाकाला किती खुंट्या आणि कुठं, ते पावतीच्या पाठीमागं लिहायचं. गिऱ्हाइकाकडं एक, आमच्याकडं एक.

गेल्या साली सरकारी अभ्यासिकेसाठी बाराशे बाकांचं टेंडर निघालं. अट अशी, की लाकूड नवीन सागवान पाहिजे आणि तीन वर्षांत दोन हजार बाक दिल्याचा दाखला पाहिजे. दाखला माझ्याकडं होता. लाकडाच्या रकान्यात मी खरं लिहिलं, जुनं सागवान. पहिल्याच लिफाफ्याला मला बाद केलं. ठेकेदार सुदर्शन पास झाला. त्याचा नमुन्याचा बाक कार्यालयाच्या व्हरांड्यात ठेवला होता. दुसऱ्याचा बाक कसा असतो बघू म्हणून मी त्याच्यावर बसले, आणि हात खाली गेला. या अल्ला! माझ्याच खुंट्या हाताला लागल्या. त्याच्या चार महिने आधी नांदेडच्या क्लाससाठी म्हणून एक माणूस माझ्याकडून चार बाक घेऊन गेला होता, त्यातलाच तो; पावतीमागच्या खुंट्या बरोबर जुळल्या. वरून चकाचक पॉलिश मारलं होतं, खालून बघायची कुणाला गरज पडली न्हाई. माझं जुनं लाकूड माझ्या हातात असलं की नापास, आणि सुदर्शनच्या हातात गेलं की नवीन. माझं टाळकंच सरकलं.

वर्षाराणी वकील मॅडमनी औरंगाबादला हायकोर्टात अर्ज टाकला. मॅडमनी मला आधीच बजावलं होतं, अटी काय ठेवायच्या हा खात्याचा हक्क, कोर्ट त्यात सहसा हात घालत न्हाई. जज साहेबबी तेच बोलले. पण म्हणाले, अट सगळ्यांना सारखी लावली का, एवढं आम्ही बघणार. सोमवारी, पंधरा तारखेला, नमुन्याचा बाक कोर्टात हजर करायचा हुकूम झाला. तोवर ठेका कुणाला द्यायचा न्हाई. पावती मॅडमकडं हाय, पण बाकच न्हाई तर पावती कशाला लावायची? बाक गेला की माझी केस गेली, आणि केस गेली की अकरा घरांचं काम गेलं.

आज दुपारी ३.४० वाजता मी टेंडरच्या कागदांच्या नकला घ्यायला कार्यालयात गेले. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार, दोन्ही दिवस कार्यालय बंद. दारात टेम्पो उभा होता आणि दोन हमाल तोच बाक उचलून नेत होते. मी विचारलं, कुठं? चन्नबसप्पा साहेब म्हणाले, "ठेकेदार बदलून देतो म्हणतोय. जुना नेतोय, नवा आणतोय." मी म्हणाले, "साहेब, नवरी बदलून लग्न लावता का?" हमालांनी बाक खाली टेकवला, तशी मी त्याच्यावर बसले. पदर खोचला आणि हट्टाने बसून राहिले.

साहेबांनी ठाण्याला फोन केला. दोन शिपाई आले, पण बाईमाणसाला हात कोण लावणार? महिला पोलीस सगळ्या बारावीच्या परीक्षेच्या बंदोबस्ताला. शिपाई लांबूनच म्हणत होते, "चाची, उठा की." मी म्हणाले, "उठते ना, सोमवारी." पाच वाजता आपल्या जागी दुसरी बाई ठेवून गौरम्मा पोलीस आल्या. त्या देगलूरच्या. त्यांनी मला न ओढता कोर्टाचा कागद वाचायला मागितला. वाचला, आणि साहेबांना म्हणाल्या, "बाईंना ठाण्यात नेते, पण बाकासकट." साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याच टेम्पोत बाक चढला आणि बाकावर मी.

चन्नबसप्पा साहेब तक्रार द्यायला मागोमाग आले, आणि ठाण्यात सुदर्शन माझ्या आधीच येऊन बसला होता. बाक माझा, परत द्या म्हणाला. त्यानं सहीनिशी लिहून दिलं, की बाक त्याच्या कारखान्यात नवीन सागवानाचा केला. गौरम्मांनी विचारलं, खाली खुंट्या किती? तो हसला. "अहो, नवीन लाकडाला खुंट्या कशाला असतील?" तेबी लिहून घेतलं.

मग मला विचारलं. मी बसल्या जागेवरून सांगितलं, सात. मधल्या फळीला तीन, उजव्या कडेला एकीला एक लागून दोन, मागच्या पट्टीला एक, आणि डाव्या कोपऱ्यात गाठीच्या शेजारी एक. ते कागदावर आलं, दोन पंच बोलावले, तेव्हा मी उठले. बाक उलटा केला. सहा भरल्या. चन्नबसप्पा साहेब लगेच म्हणाले, "सहाच हायत, बाई खोटं बोलते." मी म्हणाले, डाव्या कोपऱ्यात वरचं पॉलिश खाली ओघळून घट्ट बसलंय, ते खरडा. गौरम्मांनी नखानं खरडलं. खाली बाभळीची लाल खुंटी होती. सुदर्शन पाणी मागायला लागला.

पंचनाम्यात बाक लिहिला, लाखेचं सील लावलं, सोमवारी तो पोलीस बंदोबस्तात औरंगाबादला जाणार असं मला सांगितलं. बाराशे बाक मलाच द्या असं मी म्हणत न्हाई. पुन्हा लिफाफे उघडा, सगळ्यांचे बाक उलटे करून बघा. ज्याचा चांगला त्याला द्या. माझ्यावर अडथळ्याचा गुन्हा लावायचा तर खुशाल लावा. उद्या टेम्पो आला तर मी उद्याबी बसेन.

जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात "बेकायदेशीरपणे बसून राहिले" असं आलं होतं, ते मी खोडायला लावलं. पुढं एका ठिकाणी "हट्टाने बसून राहिले" असं आलं, ते राहू दिलं. ते बरोबर हाय.

सही/- जन्नतबी मकसूद शेख