पोत्याखालचं बीळ

(शहराच्या कडेची नवी वसाहत, दुष्काळाचं दुसरं वर्ष. सुलेखा आणि गावाकडून आलेली तिची सासू मालनबाई.)

सुलेखा : ती पुडी ठेवून द्या, आत्याबाई. औषध नको.

मालनबाई : मंग हार घालू का उंदराला? पोरीच्या अंगठ्याचं रगत अजून दुपट्यावर हाय.

सुलेखा : दिवाळीत औषध टाकलं होतं. मेले ना?

मालनबाई : मेले. आन पुन्हा तितकेच झाले. लई चिवट जात.

सुलेखा : चिवट कसली? जागा मोकळी झाली, पोती तशीच राहिली. उरलेल्यांच्या वाट्याला दाणा जास्त आला, मग पिल्लंच पिल्लं. त्यांचा पाळणा आपणच हलवतोय.

मालनबाई : कॉलेजात उंदीर शिकवत व्हते व्हय?

सुलेखा : हो. परीक्षेपुरते.

मालनबाई : देवगावला वावरात काय कमी व्हते? घरात नाय चावले कधी कुनाला.

सुलेखा : तिथं वावरात दाणा होता. इथं वावरांचे प्लॉट पडले. दाणा उरला तो आपल्या पोत्यांत, म्हणून सगळे पोत्यांखाली.

मालनबाई : म्हंजी माझ्या बाजरीनं चावा घेतला म्हन की.

सुलेखा : मी तसं म्हटलं नाही.

मालनबाई : तोंडानं नाय म्हनलीस. पोतं डोळ्यापुढं असलं की झोप लागती मला.

सुलेखा : मला लागत नाही. पोरीचे पाय मुठीत धरून बसते मी.

मालनबाई : बरं. काय करायचं म्हनतीस?

सुलेखा : बाजरी पत्र्याच्या कोठीत. झाकणावर पाटा. खाली एक दाणा सांडायचा नाही. राहू देत तिथंच, दाटीनं, उपाशी.

मालनबाई : मंग मरतील?

सुलेखा : लगेच नाही. आधी नवी पिल्लं व्हायची थांबतील. झालेली असतील ती आई खाते.

मालनबाई : कुनाची आई?

सुलेखा : त्यांचीच.

मालनबाई : त्यापरीस औषध बरं की गं.

सुलेखा : औषधानं लवकर सुटतात. मला त्यांचं उपाशी तडफडणं ऐकायचंय.

मालनबाई : बहात्तरच्या दुस्काळात माझी पहिली पोर गेली. दूध आटलं व्हतं. चावलं नव्हतं तिला कायबी.

सुलेखा : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

मालनबाई : पोतं धर तिकडून.

सुलेखा : म्हणजे कोठीत भरायचं?

मालनबाई : भरायचं. पोरगी आपली हाय. फकस्त रातच्याला बिळाशी कान लावून बसू नको.