एकेचाळिसावी मॉक

...आणि ही खरी परीक्षा नव्हेच बरं का, नुसता सराव! तुम्हाला सांगतो, बनशंकरीतले आमचे शेजारी रघुपतीअण्णा, जन्मात कुणाला फसवलं नाही त्या माणसानं, पण या मॉक टेस्टपायी तोतया व्हायची वेळ आली हो! त्यांची लेक मनस्विनी बारावीला. सीईटीसाठी क्लास लावला, तर क्लास शिकवेल तर शपथ, नुसत्या परीक्षाच घेतोय... चाळीस मॉक! अहो, सारखं झाकण काढून बघत बसलं तर भात शिजायचा कधी? आणि दर मॉकनंतर अहवाल : 'आत्मविश्वास कमी.' का? तर पोरगी विचार करून उत्तर देते! पोरीचं जेवण तुटलं, "अप्पा, मी मठ्ठच आहे," बापाला म्हणायला लागली. आणि हा नुसता सराव!

एकेचाळिसाव्या मॉकला तिला ताप. अण्णांनी क्लासच्या रविकिरण सरांना फोन लावला, तर ते म्हणतात, "ताप खऱ्या परीक्षेलाही येईल की अण्णा! त्याचाही सराव नको?" घ्या!

मग काय, पोरगी झोपलेली, लॅपटॉपपुढे बसले अण्णा. उभी हयात टपाल खात्यात गेलेली, फिजिक्सची नि त्यांची ओळख नाही... एकशे ऐंशी प्रश्नांना सरसकट 'बी' दाबला, अकरा मिनिटांत मोकळे!

दुसऱ्या दिवशी रविकिरण सरांचा फोन, आवाजात नुसतं तूप! "अण्णा, काय वेग! काय आत्मविश्वास! मार्क स्वल्प कमी आहेत, पण मनस्विनीला स्टार बॅचमध्ये घेतोय!"

"अहो, तो मी होतो!"

तर सर म्हणतात कसे, "सरी सरी, बरं बरं, मग तुम्हीही ॲडमिशन घ्या!"

मनस्विनीनं अंथरुणातून सगळं ऐकलं. आधी खो खो हसली, हसता हसता रडली, मग उठून दोन ताटल्या चित्रान्न खाल्लं. क्लास सोडला. घरीच पाठ्यपुस्तकं वाचली, सीईटी दिली, चांगली विचार करकरून दिली, आणि हेब्बाळच्या कॉलेजात चार वर्षांच्या कोर्सला सीट मिळवली की हो!

पहिल्या दिवशी अण्णा सोडायला गेले, छाती ही एवढी फुगलेली! दारातच कुणीतरी हातात पत्रक ठेवलं : 'नोकरीच्या परीक्षेची तयारी. पहिली मॉक सोमवारी.' हाही नुसता सराव! अण्णा पायरीवर मटकन बसले. मनस्विनीनं पत्रक घेतलं, घडी घालून पिशवीत टाकलं, म्हणाली, "उठा अप्पा... चारच वर्षं."