नावं झाकली होती

निवेदिता : लेकीची टीममध्ये निवड झालीय आणि तू असा चेहरा पाडून काय बसलायस?

देवव्रत : मी ग्रेसला फोन करणार आहे.

निवेदिता : कोचला? कशाला?

देवव्रत : निवड माझ्या प्रोग्रामने केलीय. सगळ्या बोलर्सची नावं झाकली होती, नुसते नंबर. त्यात पहिली आली ती आपली ऋग्वेदा.

निवेदिता : मग झालं की. नावं झाकली होती ना?

देवव्रत : हो, पण पुढे चमकेल अशी बोलर कशी ओळखायची, हे त्या प्रोग्रामला शिकवलं कोणी? मी. आणि मला कोणी शिकवलं? ऋग्वेदाने. ही एवढीशी होती तेव्हापासून मागच्या लॉनवर हिचेच व्हिडिओ काढत आलोय. खांदा कसा वळतो, पाय कुठे पडतो. चांगलं म्हणजे हिच्यासारखं, असंच डोक्यात बसलंय माझ्या.

निवेदिता : म्हणजे ती चांगली नाही?

देवव्रत : तसं नाही म्हणत.

निवेदिता : मग चांगली आहे.

देवव्रत : तेच तर कळत नाहीये.

निवेदिता : हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आत्ता येतेय मी. सरळ सांग बाबा, झालंय काय?

देवव्रत : सानिका टीमबाहेर गेली. गुरुनाथची मुलगी. ग्रेसला तीच हवी होती, माझे आकडे बघून तिने मत बदललं. आज मी सानिकाला नेट्समध्ये बघितलं. तिची ॲक्शन वेडीवाकडी आहे, पण एकीलाही तिचा बॉल नीट खेळता येत नव्हता. प्रोग्रामने तिला पार तळाला टाकलंय.

निवेदिता : आणि हे तुला आज दिसलं.

(ऋग्वेदा किटबॅग घेऊन, इथल्या पद्धतीने नमस्कार करत आत येते.)

ऋग्वेदा : किया ओरा! काय झालं? हू डाइड?

निवेदिता : कोणी नाही. दारातून ऐकलंस ना सगळं?

ऋग्वेदा : हीप्स, बरंच काही. सो बाबा, आय ॲम नॉट गुड?

देवव्रत : मला नाही सांगता येत, बाळा. तुझ्याकडे बघून मला काहीच धड ठरवता येत नाही.

ऋग्वेदा : सानिकाला माहितीये हे?

देवव्रत : नाही.

ऋग्वेदा : मग कर फोन. ट्रायल परत घ्यायला सांग. बोथ ऑफ अस.

निवेदिता : अगं, हातात आलेलं कोणी असं सोडतं का? जरा थांब, विचार कर.

ऋग्वेदा : केला. आय वॉन्ट टु नो, आई.

देवव्रत : करतो. ग्रेस बहुतेक शनिवारीच बोलावेल. मी सोडेन तुला.

ऋग्वेदा : नको. मी बसने जाईन. आणि बाबा, तू ग्राउंडवर येऊ नकोस. आई आली तर चालेल.