एका डोळ्याची जाड राणी

समारंभाचे अध्यक्ष शेख बाबिकर, शिक्षण खात्याकडून वाट वाकडी करून आलेले हाशिमसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, पालकहो, सहकारी शिक्षकहो, आणि मागच्या चटईवर अजूनही खुसखुसणाऱ्या मुलींनो,

आमच्या इतिहासाच्या सित्तानाबाई आज निवृत्त होत आहेत. अशा वेळी मुख्याध्यापकाने गोड बोलायचं असतं, आणि मी तसा प्रयत्न करणार आहे. पण या बाईंनी एकवीस वर्षं माझ्या नाकी नऊ आणले, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचं गोड बोलणं खरं वाटेल.

परीक्षा आठवड्यावर आली, की बाई मुलींना घेऊन निघाल्या आपल्या मेरोवेच्या पिरॅमिडांकडे. का? तर दोन हजार वर्षांपूर्वीची इथली राणी अमानिरेनास. पुस्तकात तिच्यावर दोन ओळी, बाईंचे तास दोन महिने. ती रोमच्या फौजेवर कशी चालून गेली, सम्राटाच्या पुतळ्याचं डोकं कसं आणलं, आणि ते मेरोवेच्या देवळाच्या पायरीखाली कसं पुरलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय त्यावर पडावा. मग शाळेत लढाई व्हायची. शाळेचे तीन झाडू भाले होऊन मोडले. राणी व्हायला चाळीस मुली तयार, रोमचा सरदार व्हायला एकही नाही. शेवटी कोण झालं असेल? हसू नका.

सहा वर्षांपूर्वी बाईंनी मुलींसाठी अशा जुन्या राण्यांचं पुस्तक लिहिलं. चित्रंही स्वतः काढली. खात्याने छापायचं, तर त्यावर माझी सही हवी. मी पहिलंच पान उघडलं आणि म्हणालो, "बाई, राणी जरा सडपातळ काढा की."

"मुदीरसाहेब, ती जाड होती. भिंतीवर तशीच कोरलीय. उपाशी बाई कुठली लढतेय?"

"बरं, निदान दुसरा डोळा तरी द्या. पोरी घाबरतील."

"तो लढाईत गेलाय. मी कुठून आणू?"

मी पुस्तक परत केलं. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा तीच राणी परत आली, फक्त भाला दर खेपेला थोडा लांब झालेला. मीही हट्टाला पेटलो. पुस्तक माझ्या खणात पडून राहिलं आणि मुली मोठ्या होऊन शाळा सोडून गेल्या.

गेल्या महिन्यात माझ्या कचेरीच्या चौकटीला वाळवी लागली. गवंडी अवादने दारातली पायरी उचलली आणि मला हाक मारली. खाली मातीचं डोकं होतं. भाजलेलं, नीट टक्कल असलेलं, आणि तारेचा चष्मा लावलेलं. चष्मा ओळखीचा वाटला, म्हणून मी माझा काढून पाहिला.

सातवीतल्या नफीसाला बोलावलं. ती म्हणाली, "सर, आम्ही नाही पुरलं. पुस्तक अडलं तेव्हा मोठ्या मुलींनी पुरलं. आम्ही फक्त पाय देतो."

सहा वर्षं, मंडळी. आणि रोज सकाळी सगळ्यात आधी पाय कोण देत होतं? मीच. मला राग आला, मग लाज वाटली. पोरींना इतिहास समजला नाही, असं आता कुठल्या तोंडाने म्हणू?

बाई, तुम्ही गेल्यावर माझ्याशी भांडणारं कोणी उरणार नाही. याचं मला वाईट वाटतंय, आणि वाईट वाटतंय याचाही वैताग येतोय. तुमचं पुस्तक हाशिमसाहेबांच्या मांडीवर आहे. काल सही केली. साहेब, पानं उलटून पाहू नका, राणी शेवटपर्यंत जाडच आहे आणि डोळाही एकच.

आपण सगळे उन्हातून आलात, आभारी आहे. चहा आणि झलाबिया बाहेर मांडलेत. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी जाताना माझ्या कचेरीच्या दारावरून जावं. ते डोकं मी होतं तिथेच परत ठेवायला लावलंय.