माझ्या नावाचा केसपेपर

माझं माहेर बुलढाण्याकडं, मेहकरच्या अलीकडं एक खेडं आहे, नाव सांगून तुम्हाला कळायचं नाही, आमच्या तालुक्यातल्या लोकांनाही कळत नाही. लग्न होऊन आले ती घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर. तेव्हा पाणी खालून हंड्यानं चढवायचं, आणि मी रोज म्हणायची, माय गं, हेच करायचं होतं तर गावची विहीर काय वाईट होती. मालक रिक्षा चालवतात, सुखदेव नाव, दिवसाला दहा शब्द बोलले तर लय झालं. पोरगी लग्न होऊन कल्याणला आहे, सुखात आहे. आणि मी पालिकेच्या दवाखान्यात आया, वीस वर्षं झाली, सगळे मावशी म्हणतात, डॉक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत मावशीच. माझं खरं नाव तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

काम काय, तर चादरी बदलायच्या, पेशंटला एक्स-रेला न्यायचं, आणि दिवसभर लोकांना रस्ता सांगायचा, हाडाचे डॉक्टर कुठं, रक्त कुठं घेतात, सगळे मलाच विचारतात, तोंड मोठं ना माझं. आता एक सांगते, हसू नका. आम्ही दवाखान्याची माणसं केसपेपर काढत नाही. बाहेरच्या माणसानं खिडकीवर रांग लावायची, कागद काढायचा, नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. आमचं तसं नाही, डॉक्टर जिन्यात दिसला की धरायचा, डॉक्टर जरा बघा ना, गुडघा दुखतोय, तो चालता चालता चिठ्ठी लिहितो की आपण औषधाच्या खिडकीवर. माझं बीपी, डोळे, दात, सगळं असं उभ्या उभ्या झालं. त्याचा रुबाब पण वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मंग ते सुरू झालं. कधी ते सांगता येत नाही, पोरीच्या लग्नानंतर म्हणा. कारण विचाराल तर कारण नाही, हीच तर पंचाईत. झोप गेली, जेवण मातीसारखं लागायचं, रविवारी विहारात वंदनेला बसले की ओठ हलायचे आणि मन कुठंच नसायचं. एक दिवस चादरीची घडी घालता घालता मनात आलं, आपण नसलो तर बरं. असं साधं, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तसं. मंग रोज यायला लागलं. मरावंसं वाटायचं, स्पष्टच सांगते. कुणाला सांगणार? शेजारणी म्हणणार, पक्की नोकरी, गरीब स्वभावाचा नवरा, सुख टोचतंय हिला. एका शिकाऊ डॉक्टरला जिन्यात धरलं, म्हणलं थकवा येतो, ताकदीची गोळी द्या. त्यानं दिली, संपली की परत दिली. चार महिने मी ताकदीच्या गोळ्या खाल्ल्या, आणि ताकद आली ती फक्त त्या विचाराला.

आणि काय सांगू तुम्हाला, त्याच दवाखान्यात तळमजल्यावर बेचाळीस नंबरची खोली, मानसोपचाराची ओपीडी. रोज लोकांना मीच पाठवायची, सरळ जा, पाण्याच्या कूलरपासून डावीकडं. आणि त्यांची पाठ वळली की आम्ही आयाबाया एकमेकींना डोळे मारायचो, बेचाळीस नंबर, म्हणजे डोकं फिरलेलं. सगळ्यांत जास्त मीच हसवायची. आता त्या दारात मी कुठल्या तोंडानं जाणार?

त्या खोलीच्या मॅडम लिफ्टपाशी दिसल्या एकदा सकाळी. सवयीप्रमाणं धरलं. म्हणलं, मॅडम, माझी नणंद आहे शांता, तिला जगू नये असं वाटतं म्हणते, एखादी गोळी लिहून द्या. नणंद बिचारी गावाला ठणठणीत, अजून मला चार गोष्टी ऐकवायला तयार. लिफ्ट आली, मॅडम आत गेल्याच नाहीत. म्हणल्या, मावशी, आत्ता या घडीला नणंदबाईंजवळ कुणी आहे का? मी म्हणलं आहे, कामावर आहे ती, माणसं आहेत भोवती. म्हणल्या, मंग आजच आणा, आत्ताच आणा, हे उभ्या उभ्या बघायचं दुखणं नाही. केसपेपर काढा, मी थांबते.

वीस वर्षांत पहिल्यांदा त्या रांगेत उभी राहिले. खिडकीवरचा क्लार्क ओळखीचा, काय मावशी, कुणाचा काढू? तोंडातून शांताच निघालं. कागद बेचाळीसच्या दारात दिला आणि बाकावर बसले, पदरानं छातीवरचा बिल्ला झाकून. पुकारा झाला, शांताबाई. मी इकडं तिकडं बघते, जशी काय शांता आता जिन्यावरून येतेय. दुसऱ्यांदा पुकारा झाला. शेजारची म्हातारी म्हणाली, पुढचा घ्या हो, ती काय येत नाही. आणि त्या दारावरच्या माणसानं माझा कागद उचलून बाजूला ठेवला. म्हणलं, कांते, हा नंबर गेला तर तू परत रांगेत उभी राहणार नाहीस, तुला मी ओळखते. उठले, पुकारा कुणाचाही असो, आत घुसले आणि म्हणलं, मॅडम, नाव चुकलंय.

हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. खुर्ची ओढली, बसा म्हणल्या, तुमचं नाव काय? कांता सुखदेव इंगळे म्हणलं, त्यांनी कागदावरचं शांता खोडून ते लिहिलं, आणि मला जे रडू फुटलं, विचारू नका. मंग त्यांनी सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का, कधीपासून, तसं काही करायचं ठरवलंय का. मला वाटायचं असं कुणी विचारलं तर छप्पर कोसळेल. उलट डोंगर चढताना डोक्यावरचा हंडा कुणी उतरवून घ्यावा तसं झालं. म्हणल्या, हा आजार आहे, तुमच्या बीपीसारखाच, यात तुमचा काही दोष नाही. गोळ्या दिल्या, दर बुधवारी बोलायला यायचं ठरलं, आणि एक कागद लिहून घेतला, विचार आला तर काय करायचं, कुणाला हाक मारायची. पहिलं नाव घरातलं हवं म्हणल्या, आणि आज एकटीनं घरी जायचं नाही.

यांना फोन करून बोलावलं. यांच्याच रिक्षात मागं बसून सांगितलं, तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, पाठ दिसत होती तेच बरं. यांनी रिक्षा बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मंग म्हणाले, मागच्या सीटवरच्या सगळ्या जगाच्या कहाण्या ऐकतो गं मी, घरचीच ऐकली नाही. आणि म्हणाले, बुधवारी मी सोडतो. तेव्हापासून एक बुधवार चुकवला नाही. तेवढ्या वेळात भाडं नाकारतात, लोक शिव्या देतात, मुंबईच्या रिक्षावाल्याला त्याचं काय.

दीड वर्ष झालं. लगेच बरं वाटलं असं नाही, पहिल्या गोळीनं तोंड सुकायचं, मी मॅडमशी भांडले, मंग त्यांनी ती बदलून दिली. विचार अजून येतो कधीमधी, पण आता तो आला की मी कागद काढते, यांना फोन लावते, आणि तो बसत नाही, जातो. जेवणाला चव आली. आयाबायांना कळलंच, चार दिवस कुजबुजल्या, मंग त्यातलीच एक मला जिन्यात धरून म्हणते, मावशी, माझ्या बहिणीला असं असं होतं. मी हसले नाही. म्हणलं, बहिणीला आण, नाहीतर तूच चल. बेचाळीसचा रस्ता मी आता कुणाला सांगत नाही, दारापर्यंत सोबत जाते.

तुम्ही म्हणता नाव बदलून लिहू का, लोक नावं ठेवतील. नको ताई. एकदा बदललं होतं, बाकावरच बसून राहिले असते. चहा घ्या, गार होतोय, आणि सुखात राहा, लेकराबाळांत राहा. लिहा, कांता सुखदेव इंगळे, केसपेपरवर आहे तसंच.