घरगाडीची हवा

सक्करदऱ्याच्या पंपावर माझ्यापुढे एक घरगाडी उभी होती. आत पलंग, शेगडी अन् खिडकीत वैतागलेली बायको. नवरा हवेची नळी धरून खाली.

"प्रेमिला, पासष्ट ठेवू का सत्तर?"

"सकाळीच तं सत्तर भरली! मंग काढली काहून जी?"

"तवा टाकी खाली होती वं. आता पाणी भरलं, तुह्यं गव्हाचं पोतं आलं. वजन पाहूनच हवा ठरते."

"मंग भरा ना सत्तर!"

"टायर तापले आहे. थंडे झाल्यावर पाहू. उद्या निघू."

"तुम्ही पोरीच्या लग्नाले गेले नाही. आता नातू झाला, तरी टायरच पाहून राहिले!"

"अन् नंदिनीनं दारच नाही उघडलं तं?"

"तं घर संग आहे ना आपलं! तिच्या दारापुढंच राहू. भरा सत्तर."